भूल दिलेली असताना

त्या प्रयोगशाळेत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे तिला किल्लीबाई म्हणत आणि मनातून तिलाही ते आवडत असे. कमरेला जुडगा वगैरे काही नव्हता, तिच्या किल्ल्या संगणकात होत्या. कोणती फाइल कुणी नुसती वाचायची, कुणी बदलायची आणि बदललेली कुणी मंजूर करायची, हे ती ठरवायची. एखाद्याला वाचण्यापुरतंच दार उघडं असेल आणि तो "बाई, एकच आकडा बदलायचाय, एवढंच" अशी लाडीगोडी लावू लागला, तर ती चष्मा डोक्यावर सरकवून म्हणायची, "एवढंच म्हणतोस ना, म्हणूनच नाही."

प्रयोगशाळा खेळण्यांची होती. खेळण्यांवरच्या रंगात शिसं किती, ते तिथं तपासलं जायचं. खेळणी दिसायला गोजिरवाणी, पण तिथं आली की त्यांचे हाल कुत्रं खात नसे. बाहुलीचे गाल खरवडायचे, आगगाडीची चाकं तासायची, तो चुरा आम्लात उकळायचा, गाळायचा, पाण्यानं पातळ करायचा आणि मग यंत्राला पाजायचा. हे काम करणाऱ्या गृहस्थाला सगळे खरवड्या म्हणत. आता यंत्र जो आकडा देतं तो काही खरा आकडा नव्हे. दहापट पातळ केलं असेल तर उत्तराला दहानं गुणायचं, तेव्हा कुठं खरं शिसं कळतं. हा गुणाकार हिशेबाच्या एका फाइलमध्ये घातलेला होता. सगळ्या प्रयोगशाळेची अब्रू त्या एका फाइलवर होती म्हणा ना.

किल्लीबाई येण्याआधी त्या फाइलच्या प्रती पिलावळीसारख्या वाढल्या होत्या. एकीचं नाव 'शेवटची', दुसरीचं 'शेवटची नवी', तिसरीचं 'खरोखर शेवटची', आणि एका महाभागानं आपल्या प्रतीचं नाव ठेवलं होतं 'हीच घ्या'. कोण कुठल्या फाइलवर हिशेब करतोय याचा पत्ता नाही. तिनं ते सगळं मोडीत काढलं. फाइल एकच. बदलली की नवी आवृत्ती, नवा क्रमांक, आणि जुनी जपून ठेवलेली. कुणी बदलली, कुणी मंजूर केली, सगळं तिथंच दिसणार. आणि वर एक नियम, जो तिला जिवापाड प्रिय होता. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. दोन्ही हक्क एका माणसाला नाहीत, मग तो कितीही मोठा असो. "लिहिणारा चुकणारच," ती नव्या लोकांना शिकवायची, "म्हणून तर मंजूर करणारा असतो." खरवड्या या वाक्याची हुबेहूब नक्कल करायचा.

फाइल किंवा कुणाच्या हक्कांचं पान बदलताना 'बदलाचं कारण' अशी एक चौकट यायची. लोक मेले आळशी, तिथं एक टिंब देऊन मोकळे व्हायचे. मग तिनं सिस्टीमला शिकवलं की टिंब चालायचं नाही, रिकामंही चालायचं नाही. माणसानं जे केलं ते माणसासारखं लिहावं. मंजुरीला तर नुसता पासवर्डही पुरत नसे. तिच्या फोनवर सहा आकड्यांचा कोड यायचा आणि तो घातल्याशिवाय दार उघडायचं नाही. पासवर्ड नवा करायचा असला तरी तेच. फोन हरवला तर काम अडू नये म्हणून प्रत्येकानं घरच्या एका माणसाचा नंबर द्यायचा. त्या रकान्याला नाव तिनंच दिलं, 'भरवशाचा नंबर'.

"बघा हं बाई," खरवड्या म्हणाला होता, "भरवशाच्या म्हशीला टोणगा."

ती हसली आणि तिनं नवऱ्याचा नंबर घातला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणजे तिच्या वन्सं, नवऱ्याची थोरली बहीण. नणंद-भावजयीचं सख्य विळ्याभोपळ्याचं म्हणतात, पण या दोघींचं दूधसाखरेचं. लग्नानंतर ती घरात बसून होती तेव्हा "हिच्या डिग्रीचं काय लोणचं घालायचंय?" असं भावाला खडसावून वन्संनीच तिला इथं आणलं. शिकवलं, पुढे केलं, किल्ल्या हातात दिल्या. वन्सं फाइल लिहायच्या, म्हणून त्यांना मंजुरीचा हक्क नव्हता. हा नियम लागू झाला त्या दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "बघा, माझ्या भावजयीनं मलाच कुलूप घातलं!" आणि कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप तिला कितीतरी दिवस पुरली.

मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले. बरेच दिवस तिनं दुखणं अंगावर काढलं, शेवटी वन्संनीच दटावून ऑपरेशनचा दिवस ठरवून घेतला. "प्रयोगशाळा पळून जात नाही," त्या म्हणाल्या. सकाळी तिला आत नेताना तिनं चष्मा, घड्याळ आणि फोन नवऱ्याच्या ओंजळीत दिला. तो तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "काळजी करू नकोस, मी इथंच आहे." भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाकातोंडावर मास्क धरला आणि पुढचं तिला काही आठवत नाही.

रजा संपवून ती कामावर आली तर पासवर्डच चालेना. पुन्हा घातला, पुन्हा तेच. रोज डोळे मिटून टाइप होणारा पासवर्ड! वन्सं मागून चालल्या होत्या. वाकून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "भूल उतरली नाही वाटतं अजून!" सगळे हसले. तीही हसली, टाके दुखले तरी हसली, आणि नवा पासवर्ड करून कामाला लागली. दुसऱ्या कुणाचा पासवर्ड असा रातोरात बदललेला निघाला असता तर तिनं अख्खी प्रयोगशाळा उलटीपालटी केली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र सगळं भुलीवर ढकललं. हुशार माणसं अशीच फसतात, दुसरं काय.

मग बदकांचं प्रकरण आलं.

पिवळं लाकडी बदक, दोरीनं ओढलं की मान हलवणारं. प्रयोगशाळेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या कारखान्याचा माल. प्रयोगशाळेनं तो 'योग्य' म्हणून पास केला होता. विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यानं सहज म्हणून दुसरीकडे तपासून घेतला, तर शिसं मर्यादेच्या कितीतरी वर. बदकं दुकानांतून परत मागवली गेली आणि प्रयोगशाळेला परवाना देणाऱ्या खात्यानं कळवलं, की आमचा तपासनीस येतोय.

किल्लीबाईनं फाइलचा इतिहास उघडला. आवृत्ती सहा ठीक होती. आवृत्ती सातमध्ये गुणाकारच गायब! दहापट पातळ केलेल्या रंगाचं शिसं दहाव्या हिश्शानं दिसणार, म्हणजे विष घातलं तरी पास होणार. लगेच दुसऱ्या दिवशी आवृत्ती आठ, आणि गुणाकार मुकाट जागेवर. सात नंबर एकच दिवस जगला होता आणि त्या दिवशी बदकं बाहेर पडली होती. लिहिणारी म्हणून वन्संचं नाव. कारण, 'सूत्र सोपे केले'. आणि मंजूर करणारी म्हणून तिचं स्वतःचं.

तारीख तिच्या ऑपरेशनची होती.

तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? वन्संना वाचवायला हवं, हे. ती तशीच उठून त्यांच्या खोलीत गेली. "वन्सं, कुणीतरी आपल्या नावानं आत शिरलंय. तुमच्याही आणि माझ्याही."

वन्संनी दार लावून घेतलं. तिला खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला पुढे केला. "कुणी शिरलेलं नाही गं. मी सूत्र सोपं करायला घेतलं होतं. अर्धवट राहिलं आणि चुकून मंजुरीला गेलं. तू मंजूर केलंस."

"मी? मी तर दवाखान्यात होते."

"फोनवरून केलंस. तुला कुठं दम निघतो? ताप असला तरी मंजुऱ्या देत बसतेस. भुलीच्या गुंगीत माणूस काय करतं ते त्याचं त्याला आठवत नाही. आमच्या शेजारीणबाई भुलीतून उठल्या तर म्हणे तासभर भाज्यांचे भाव सांगत होत्या."

वन्सं तिच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघ, लिहिणारा चुकणारच. म्हणून तर मंजूर करणारा असतो. तूच शिकवतेस ना सगळ्यांना? तपासनीसाला एवढंच लिहून दे, मंजुरीच्या वेळी माझ्याकडून भूल झाली. तुझा हक्क जाईल थोडे दिवस, बाकी काही नाही. माझ्यावर आलं तर प्रयोगशाळेलाच टाळं लागेल. घरातली गोष्ट घरात राहू दे."

आणि खरं सांगायचं तर तिनं ते मानलं. संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात दोनदा थांबून तिनं स्वतःला विचारलं, की खरंच मी भुलीत मंजुरी दिली? मुलांच्या तोंडात जाणाऱ्या बदकाला? ज्या बाईनं आयुष्यात कुणाला एक टिंब खपवू दिलं नाही, तिला आपल्या हातांची भीती वाटायला लागली. पाटी पुसली जावी तशी इतक्या वर्षांची अब्रू जाणार, आणि ती आपणच पुसली, हे तिला सहन होईना. रडू आलं ते तिनं कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी उभं राहून रडून घेतलं.

घरी येऊन ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. नवरा पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. उशीच्या अभ्र्याची घडी घालता घालता तिचा हात थांबला. भुलीत माणूस बडबडेल. भाज्यांचे भावही सांगेल. पण फोनवर आलेले सहा आकडे वाचून, चष्म्याशिवाय, एकेक करून चौकटीत घालेल?

तिनं फोन उघडला. त्या दिवसाचे मेसेज पाहिले. जावेचा होता, खरवड्याचा 'लवकर बऱ्या व्हा' होता. कोड एकही नव्हता. कोडाशिवाय मंजुरी होत नाही, हे दार तिनं स्वतः बसवलं होतं. म्हणजे कोड आला होता आणि कुणीतरी पुसला होता. आणि मंजुरीची वेळ भर सकाळची, ती आत टेबलावर होती तेव्हाची. चष्मा, घड्याळ, फोन. ओंजळ तिला स्पष्ट आठवली.

"अहो," ती म्हणाली, "मी आत होते तेव्हा माझा फोन वाजला होता?"

ब्रश थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा जास्तच जोरात.

"ताईचा आला होता. म्हणाली काम अडलंय, आकडे येतील ते वाचून दाखव. दाखवले."

"एकदाच?"

"दोनदा. आणि दुसऱ्या दिवशी एकदा, तू झोपली होतीस तेव्हा."

पहिला कोड नवा पासवर्ड करायला, दुसरा सात नंबर मंजूर करायला, तिसरा आठ नंबर. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 'भूल उतरली नाही वाटतं अजून!' आणि आपण हसलो होतो.

"मेसेज कुठं गेले?"

"ताई म्हणाली पुसून टाक, हिला उगाच घोर नको, आधीच टाके पडलेत. नुसते आकडे होते गं. मला काय कळतंय त्यातलं?"

इथपर्यंत तिनं त्याला माफ केलं असतं. माणूस भोळा, बहिणीच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही. छापखान्यातून घर आणि घरातून छापखाना, त्याला कोडाचं काय कळणार? ती त्याच्या शेजारी पायरीवर जाऊन बसणारच होती, तेवढ्यात तो बुटाकडे बघत म्हणाला, "आता तू तेवढं म्हणून टाक ना, भूल झाली म्हणून."

ती जागच्या जागी उभी राहिली. हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. वन्संच्या खोलीतलं बोलणं तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"म्हणजे... बदकांचं पत्र आलं तेव्हाच ताईनं फोन केला होता. ती बिचारी तरी काय करणार? कारखान्याचा माल अडकला होता, तो कारखाना हातचा गेला असता तर अर्धी माणसं घरी बसवावी लागली असती. तू आत होतीस, त्यामुळे तुलाही विचारायची वेळ आली नाही." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "हे बघ, तुझं नाव गेलं तर घरातल्या घरात राहील. तिचं गेलं तर सगळंच जाईल. तिनं आपल्यासाठी काय कमी केलंय?"

म्हणजे दोघांनी बसून हिशेब केला होता. कुणाचं नाव स्वस्त पडेल याचा. आणि तो तिचा नवरा होता, तिच्या केसांवरून हात फिरवून 'मी इथंच आहे' म्हणणारा. होताच की तिथं, तिचा फोन हातात घेऊन! परका चोर घरात शिरला असता तर ती ओरडली असती, इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं. ओरडायचं कुणासमोर? तिनं घड्या घातलेले कपडे उचलले, त्याचे वेगळे काढून खाटेवर ठेवले आणि आपले कपाटात लावले. त्याच्याशी ती काहीच बोलली नाही. तो मात्र समजला की हिनं मानलं.

तपासनीस आला तो आपला थर्मास घेऊनच. "तुमच्याकडचा चहा नको," त्यानं आल्या आल्या सांगितलं, "नंतर लोक बोलतात." वाळकुडा माणूस, शब्द मोजून बोलणारा. त्यानं किल्लीबाईच्याच टेबलाशी खुर्ची घेतली. वन्सं तिच्या मागे उभ्या राहिल्या, एक हात तिच्या खांद्यावर ठेवून. खरवड्या पलीकडच्या ओट्यावर आगगाडीचं एकच चाक मघापासून खरवडत होता.

"आवृत्ती सात. मंजुरीत नाव तुमचं आहे?"

"हो."

"मग खुलासा टाइप करा. थोडक्यात."

खांद्यावरच्या हातानं हलकं दाबलं. "लिही," वन्सं मायेनं म्हणाल्या, "घाबरू नकोस, मी आहे."

तिनं टाइप केलं, 'मंजुरीच्या वेळी'. मागे वन्संनी मान डोलावली असावी. मग तिनं पुढचं टाइप केलं, 'मला भूल दिलेली होती'.

खांद्यावरचा हात निघाला.

तपासनीस पुढे वाकला. "भूल झाली म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही. भूल दिलेली होती. मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. दवाखान्याचं नाव देते, विचारून घ्या."

"मग कोड?"

हाच प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. जिभेवर तो एक शब्द दगडासारखा बसला होता. तो उच्चारला की वन्संबरोबर आणखी एक माणूस जाणार होता, आणि त्याच्याबरोबर एक घर.

"फोन माझ्या नवऱ्याकडे होता," ती म्हणाली. "त्यांनी कोड वाचून दाखवला."

"कुणाला?"

"लिहिणाऱ्याला."

"अगं!" वन्संचा आवाज चिरकला. "तुझा नवरा आहे तो! माझं राहू दे, पण सख्ख्या नवऱ्याला असं चव्हाट्यावर आणतेस? हेच पांग फेडलेस?"

तिनं मागे वळून पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग होता, भीती होती, पण तिच्यासाठी एवढंसंही काही नव्हतं. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही मागितले असते तर मी तुम्हाला सगळं दिलं असतं. एवढी एक मंजुरी सोडून. म्हणूनच तुम्ही मी बेशुद्ध पडायची वाट बघितलीत."

वन्सं पाठ फिरवून निघाल्या. थोड्या वेळानं त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

तपासनीसानं थर्मासचं झाकण लावलं. चौकशी संपेपर्यंत दोघींचेही हक्क बंद, असं त्यानं सांगितलं. नियम तो नियम. तिनं मान हलवली. हा नियम तिनंही असाच केला असता.

वन्संचे हक्क तिनं आधी काढले. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'तपासनीसांच्या सूचनेवरून'. मग स्वतःचं पान उघडलं. ते बंद करण्याआधी तिची नजर खालच्या रकान्यावर गेली. भरवशाचा नंबर. तो नंबर तिला पाठ होता, तिनंच तर तो घातला होता हसत हसत. ओट्यावरचा चाकाचा आवाज थांबला होता. खरवड्या बघत होता, पण आज त्यानं म्हशीचं नाव काढलं नाही.

तिनं नंबर पुसला. लगेच फोनवर कोड आला. या वेळी फोन तिच्याच हातात होता. चष्मा नीट बसवून तिनं सहाच्या सहा आकडे घातले.

मग चौकट आली. बदलाचं कारण.

तिनं ती रिकामीच सोडून पाहिली. लाल अक्षरं उमटली, 'कृपया कारण लिहा'. एक टिंब दिलं. पुन्हा तीच लाल अक्षरं. आडमुठी सिस्टीम, जशी शिकवली तशी वागत होती. टेबलावर फोन थरथरायला लागला. नवऱ्याचा होता, वन्संनी कळवलं असणार. तो वाजून वाजून बंद पडेपर्यंत ती थांबली.

मग तिनं लिहिलं, 'भूल उतरली'.

सिस्टीमनं ते कारण घेतलं आणि पान बंद झालं.